पाँडिचेरीत इमारत उभारली, अमेरिकेनं छावणीत डांबलं अन् तिथंच या आर्किटेक्टला सुतारकामाचा गुरू भेटला

इन्स्टाग्रामवर रील बघताना एक व्हिडिओ हमखास समोर येतो. झाडाचा भला मोठा ओंडका उभा चिरला जातो. आतून रुंद फळी निघते. तिची कड कोणी सरळ कापत नाही. झाड जसं वेडंवाकडं वाढलं असेल, तशीच ती कड ठेवली जाते. मग फळी घासतात, तेल लावतात, खाली पाय बसवतात आणि टेबल तयार होतं. याला म्हणतात लाइव्ह एज टेबल. पुण्या-मुंबईतल्या कॅफेंमध्येही अशी टेबलं आता दिसतात.

पण ही फॅशन सोशल मीडियानं आणलेली नाही. झाडाची मूळ कड, त्यातल्या गाठी, चिरा तशाच ठेवून केलेलं फर्निचर ज्यांच्यामुळे जगभर पोचलं, ते कारागीर जाऊन आता तीन दशकं उलटून गेलीत. त्यांचं नाव जॉर्ज नाकाशिमा.

आईवडील जपानी, जन्म अमेरिकेतला, शिक्षण एमआयटीचं. पहिलं फर्निचर डिझाइन केलं ते आपल्या पाँडिचेरीत. आणि सुतारकामाचे खरे धडे मिळाले ते काटेरी तारांच्या कुंपणाआड.

ही गोष्ट त्यांचीच.

जंगलात रमलेला मुलगा

जॉर्ज नाकाशिमा यांचा जन्म २४ मे १९०५ चा, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरातला. आईवडील जपानहून आलेले, घराण्याची मुळं सामुराईंची. वॉशिंग्टन राज्य म्हणजे डोंगर आणि घनदाट जंगलांचा मुलूख. जॉर्ज स्काउटमध्ये गेले आणि डोंगरदऱ्या पालथ्या घालू लागले. शेकडो वर्षं जुनी, आभाळाला भिडणारी झाडं त्यांनी या वयात बघितली. हे वेड त्यांना आयुष्यभर पुरलं.

कॉलेजला जायची वेळ आली तेव्हा त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात वनशास्त्र घेतलं. दोन वर्षांनी ते सोडून आर्किटेक्चरला आले. मध्ये एक वर्ष फ्रान्समधल्या फाँतेनब्लोला शिकून आले. १९२९ मध्ये पदवी मिळाली आणि त्यानंतर त्यांनी एमआयटीतून आर्किटेक्चरची मास्टर्स डिग्री घेतली.

इथवर सगळं सरळ चाललं होतं. पण तेव्हाच अमेरिकेत महामंदी आली. न्यूयॉर्कमधली नोकरी गेली.

अशा वेळी माणूस मिळेल ते काम शोधतो. नाकाशिमांनी गाडी विकून टाकली आणि त्या पैशातून बोटीचं जगप्रवासाचं तिकीट काढलं.

पॅरिस, टोकियो आणि मग पाँडिचेरी

पहिला मोठा मुक्काम पॅरिस. तिथं त्यांनी ल कॉर्ब्युझिए या आर्किटेक्टची इमारत उभी राहताना बघितली. चंदीगड शहराची आखणी ज्यांनी केली, तेच हे ल कॉर्ब्युझिए. काँक्रिटमधून काय काय करता येतं, हे नाकाशिमांना तिथं कळलं.

१९३४ मध्ये ते आईवडिलांच्या देशात, म्हणजे जपानमध्ये पोचले. टोकियोत अँटोनिन रेमंड नावाच्या आर्किटेक्टचं ऑफिस होतं. रेमंड मूळचे झेक. प्रसिद्ध आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट यांच्यासोबत टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलच्या कामासाठी आले आणि तिथंच राहिले. नाकाशिमा त्यांच्याकडे नोकरीला लागले. जपानी सुतार खिळा न वापरता लाकडाला लाकूड कसं जोडतात, जुनी देवळं आणि घरं शेकडो वर्षं कशी टिकतात, हे त्यांनी जवळून बघितलं. पण तेव्हा फक्त बघितलंच. हातात पटाशी यायला अजून वेळ होता.

याच काळात रेमंड यांच्या ऑफिसला एक काम मिळालं. पाँडिचेरीच्या श्री अरविंद आश्रमात साधकांसाठी राहायची इमारत बांधायची होती. आश्रमाच्या माताजींची ती कल्पना. त्यासाठी मोठी देणगी मिळाली ती हैदराबाद संस्थानाचे सर अकबर हैदरी यांच्याकडून, म्हणून इमारतीचं नाव ठेवलं गोलकोंडा. फ्रेंच उच्चारानं गोलकोंद.

प्रत्यक्ष जागेवर जाऊन काम बघायला कोणीतरी हवं होतं. नाकाशिमा स्वतःहून पुढे आले आणि १९३७ मध्ये पाँडिचेरीत दाखल झाले.

आले होते पगारी आर्किटेक्ट म्हणून. पण थोड्याच दिवसांत आश्रमाचे साधक झाले आणि त्यांनी पगार घेणं बंद केलं. श्री अरविंदांनी त्यांना नवीन नाव दिलं, सुंदरानंद.

गोलकोंद इमारतीत असं काय आहे?

त्या काळात भारतात मोठी इमारत म्हणजे दगड-विटा, कमानी आणि घुमट. गोलकोंद उभी राहिली ती आरसीसीमध्ये, कसलीही नक्षी नसलेली. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या आधुनिक इमारतींमध्ये तिचं नाव घेतलं जातं.

पाँडिचेरीचा दमट उन्हाळा लक्षात घेऊन तिची आखणी केली. लांबलचक भिंतींच्या जागी सिमेंटच्या आडव्या झडपा बसवल्या. पाहिजे तशा उघडायच्या, मिटायच्या. खिडक्यांना काचा नाहीत. वारा आरपार खेळतो, ऊन आणि पाऊस मात्र बाहेर राहतो. आतल्या खोल्यांना सागवानी सरकते दरवाजे आहेत, झडपांचे असल्यामुळे हवा खेळती राहते आणि आडोसाही मिळतो.

विशेष म्हणजे हे काम कुठल्या ठेकेदारानं उरकलेलं नव्हतं. आश्रमातले साधकच राबत होते. हे काम म्हणजे त्यांची साधना होती, त्यामुळे घाई कोणालाच नव्हती. हवं तसं झालं नाही तर पुन्हा करायचं. नाव कोणाचं होणार, श्रेय कोणाला मिळणार, असले प्रश्न तिथं नव्हते.

याच इमारतीतल्या खोल्यांसाठी नाकाशिमांनी सागवानी फर्निचर डिझाइन केलं. हेच त्यांचं पहिलं फर्निचर.

पुढे आयुष्यभर ते काम करत राहिले ते याच पद्धतीनं. कर्मयोग हा शब्द आपण भाषणात ऐकतो. नाकाशिमांनी तो बांधकामाच्या जागेवर अनुभवला होता.

१९३९ मध्ये जगावर युद्धाचं सावट होतं. नाकाशिमांनी पाँडिचेरी सोडली. इमारत त्यांच्या पाठीमागे पूर्ण झाली. आजही ती उभी आहे आणि साधक तिथं राहतात.

आर्किटेक्चर का सोडलं?

पाँडिचेरीहून ते आधी जपानला गेले. तिथं त्यांना मॅरियन ओकाजिमा भेटल्या. त्याही अमेरिकेत जन्मलेल्या जपानी वंशाच्या, टोकियोत इंग्रजी शिकवायच्या. १९४० मध्ये नाकाशिमा अमेरिकेत परतले आणि १९४१ मध्ये दोघांचं लग्न झालं.

अमेरिकेत आल्यावर नाकाशिमा कॅलिफोर्नियात इमारती बघत फिरले. फ्रँक लॉइड राइट यांचं एक काम चालू होतं, तेही बघितलं. राइट म्हणजे तेव्हाचं अमेरिकेतलं सगळ्यात मोठं नाव. पण बांधकामाचा दर्जा बघून नाकाशिमांची निराशा झाली. कागदावर डिझाइन एकाचं, बांधणारा दुसरा, आणि दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. पाँडिचेरी बघून आलेल्या माणसाला हे पटणारं नव्हतं.

मग असं कोणतं काम आहे, जिथं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं आपल्या हातात असेल?

त्यांना सापडलेलं उत्तर होतं फर्निचर.

पस्तिशी ओलांडलेले, एमआयटी शिकलेले नाकाशिमा सिएटलमध्ये सुतार झाले. एका कॅथलिक मिशनच्या फादरनी त्यांना तळघरात जागा दिली. मोबदल्यात मुलांना सुतारकाम शिकवायचं. वर्कशॉप छोटं होतं, पण ऑर्डरी येऊ लागल्या होत्या. १९४२ च्या सुरुवातीला मुलगी झाली, तिचं नाव मीरा.

आणि तेव्हाच घरावर आभाळ कोसळलं.

गुन्हा एकच, आईवडील जपानी

७ डिसेंबर १९४१ ला जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला. अमेरिका युद्धात उतरली आणि देशातल्या जपानी चेहऱ्यांकडे संशयानं बघायला लागली. १९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर सही केली.

या आदेशाच्या आधारावर पश्चिम किनाऱ्यावरच्या जवळपास १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरं, दुकानं, शेतं सोडायला लावून छावण्यांत नेलं. यातले दोन तृतीयांश लोक जन्मानं अमेरिकन नागरिक होते. खटला नाही, सुनावणी नाही. जेमतेम हातात मावेल तेवढं सामान घ्यायचं आणि निघायचं.

जॉर्ज, मॅरियन आणि काही महिन्यांची मीरा यांची रवानगी झाली आयडाहो राज्यातल्या मिनिडोका छावणीत. ओसाड वाळवंटी माळ, सतत उडणारी धूळ, हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी. राहायला लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकलेल्या बराकी. भोवती काटेरी तारा आणि पहारा.

आपल्याच देशाच्या सरकारनं आपल्याला कैदी केलं होतं. वर्कशॉप गेलं, हत्यारं गेली. या टप्प्यावर दुसरा कोणी खचून गेला असता.

पण या छावणीत गेंतारो हिकोगावा नावाचे एक सुतार होते.

छावणीतली शाळा

हिकोगावा जपानमध्ये परंपरागत पद्धतीनं सुतारकाम शिकून आलेले. तिथं पोरगा उस्तादाच्या हाताखाली कित्येक वर्षं राबतो, तेव्हा कुठं त्याला कारागीर म्हणतात. जपानी करवत आणि रंधा ढकलून चालवत नाहीत, स्वतःकडे ओढून चालवतात. पात्याला धार लावणं हीच एक वेगळी विद्या. खिळे न ठोकता, खाचा पाडून लाकडात लाकूड असं बसवायचं की सांधा पिढ्यानपिढ्या हलू नये.

टोकियोत जे नाकाशिमांनी लांबून बघितलं होतं, ते आता प्रत्यक्ष हातानं शिकायची संधी आली. एमआयटीचा पदवीधर छावणीतल्या सुताराच्या हाताखाली उभा राहिला. डिझाइन नाकाशिमांचं, हात हिकोगावांचा आणि हळूहळू हातही नाकाशिमांचा.

सामान कुठून आणायचं? बराकी बांधून उरलेले तुकडे होते. आणि माळावर बिटरब्रश नावाचं वेडंवाकडं वाढणारं झुडूप होतं. एरवी जळणाला लावावं असं लाकूड. या दोघांनी त्यातूनच छावणीतल्या बराकी राहण्याजोग्या करायचं काम हाती घेतलं.

नाकाशिमांच्या कामाची सगळी ओळख इथं सापडते. चांगली फळी मिळत नव्हती, म्हणून गाठी आणि चिरा असलेलं लाकूड वापरावं लागलं. ते वापरता वापरता त्यांना कळलं की गाठ म्हणजे लाकडातला दोष नाही. झाडावर आलेलं संकट तिथं लिहिलेलं असतं. ते कापून फेकायची गरज नाही.

दुसरीकडे त्यांचे जुने बॉस अँटोनिन रेमंड अमेरिकेत परतले होते. पेनसिल्व्हेनियातल्या न्यू होप गावाजवळ त्यांचं फार्म होतं. १९४३ मध्ये रेमंड यांनी नाकाशिमा कुटुंबाची हमी घेतली आणि त्यांची सुटका झाली.

पण इथंही गंमत बघा. रेमंड यांच्याकडे सरकारी संरक्षण खात्याची कामं होती, त्यामुळे जपानी वंशाच्या नाकाशिमांना त्यांच्याकडे आर्किटेक्ट म्हणून काम करता येईना. मग त्यांनी फार्मवर कोंबड्या सांभाळल्या.

तंबूपासून सुरुवात

कोंबड्या सांभाळता सांभाळता नाकाशिमांनी फर्निचर करायला सुरुवात केली. हातात पैसे नव्हते. चांगल्या फळ्या परवडत नव्हत्या. लाकूड व्यापारी जे वेडेवाकडे, चिरलेले तुकडे टाकून द्यायचे, ते त्यांनी उचलले. छावणीतला धडा इथं कामाला आला.

न्यू होपजवळच तीन एकराचा उतार त्यांना मिळाला, तोही पैशांऐवजी कामाच्या बदल्यात. कुटुंब तंबूत राहिलं. आधी वर्कशॉप बांधलं आणि नंतर घर. आवारातले दगड गोळा करून भिंती उभ्या केल्या. आर्किटेक्टनं आपल्या हातानं घर बांधलं, एकेक दगड रचत.

पुढची पंचेचाळीस वर्षं हीच त्यांची जागा.

लाकूड निवडण्यापासून सगळं स्वतः

नाकाशिमांचं काम ओंडक्यापासून सुरू व्हायचं. बहुतेक वेळा काळा अक्रोड. ओंडका चिरायला निघाला की ते स्वतः सॉ मिलवर उभे राहायचे. कुठून चिरायचं, किती जाडीच्या फळ्या काढायच्या, हे तिथल्या तिथं ठरवायचं. हिरा कापताना एक चूक झाली की संपलं, तसाच हा प्रकार. दीडदोनशे वर्षं वाढलेलं झाड एका चुकीच्या कापात वाया जातं.

चिरलेल्या फळ्या ज्या क्रमानं निघाल्या त्याच क्रमानं रचून ठेवायच्या, मध्ये पट्ट्या घालून, म्हणजे हवा खेळती राहते. मग वाळायला वेळ द्यायचा. काही फळ्या वखारीत वर्षानुवर्षं पडून असायच्या. योग्य गिऱ्हाईक, योग्य टेबल डोक्यात आलं की मगच ती फळी बाहेर निघायची.

लागून निघालेल्या दोन फळ्या पुस्तक उघडावं तशा शेजारी ठेवल्या की दोन्हीकडची नक्षी एकमेकींचं प्रतिबिंब दिसते. अशा जोडफळ्यांची टेबलं त्यांनी खूप केली.

फळीला चीर असेल तर? लांबी भरून ती लपवायची नाही. चिरेवर आडवा, डमरूच्या आकाराचा लाकडी तुकडा खाच पाडून बसवायचा. मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद, त्यामुळे चीर पुढे वाढत नाही. इंग्रजीत याला बटरफ्लाय म्हणतात. हा सांधा जुनाच आहे, पण नाकाशिमांनी तो झाकला नाही, उलट दिसेल असा ठेवला. आज तो त्यांच्या कामाची ओळख झालाय.

ते यंत्रांच्या विरोधात होते असं मात्र नाही. जड काम यंत्रावर व्हायचं. पण सांधा बसवणं, कड घासणं, तेल चोळणं हे हातानंच. गिऱ्हाईक आलं की त्याला वखारीत नेऊन फळी दाखवायची, आणि ठरली की त्यावर गिऱ्हाईकाचं नाव लिहायचं. स्वतःची सही करायला त्यांनी सुरुवात केली ती अगदी उतारवयात.

शेकर कोण होते आणि त्यांचा इथं काय संबंध?

नाकाशिमा स्वतःची ओळख सांगताना एक मजेशीर यादी सांगायचे. त्यात हिंदू, कॅथलिक, जपानी, अमेरिकन हे सगळं होतं आणि सोबत शेकरही होतं.

शेकर हा एक ख्रिस्ती पंथ. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या एका लोहाराची मुलगी ॲन ली १७७४ मध्ये मोजक्या अनुयायांसोबत अमेरिकेत आली आणि तिथं हा पंथ वाढला. प्रार्थनेत ते थरथरायचे, नाचायचे, म्हणून लोकांनी नाव पाडलं शेकर. आजन्म ब्रह्मचर्य, मालमत्ता सगळ्यांची मिळून, स्त्री-पुरुष बरोबरीचे आणि काम म्हणजेच प्रार्थना, असे त्यांचे नियम.

त्यांचं फर्निचरही तसंच. कोरीवकाम नाही, दिखावा नाही. शिडीसारख्या आडव्या पट्ट्यांची पाठ असलेली खुर्ची, इतकी हलकी की झाडलोट करताना उचलून भिंतीवरच्या खुंटीला टांगता येते. फळी टिकाऊ, सांधा पक्का आणि जेवढं लागतं तेवढंच लाकूड. त्यावर करणाऱ्याचं नाव नाही, कारण काम देवासाठी केलेलं.

पाँडिचेरीत नाकाशिमांनी जे अनुभवलं, तेच अमेरिकेच्या मातीत शेकरांनी दीडशे वर्षं आधी करून ठेवलं होतं. म्हणून त्यांना शेकर आपले वाटले. त्यांच्या खुर्च्यांमध्ये हा साधेपणा दिसतो. बारीक काड्यांची पाठ, सडपातळ पाय, कुठंही जास्तीचं काही नाही. इंग्लंड-अमेरिकेतली जुनी विंडसर खुर्चीही त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

फरक एवढाच की शेकर सुतार लाकूड सरळ, नीटनेटकं करून घ्यायचा आणि नाकाशिमा झाडाला त्याचा वाकडेपणा ठेवू द्यायचे.

ब्रह्मचर्यामुळे शेकरांची संख्या घटत गेली. आता अमेरिकेच्या मेन राज्यातल्या सबाथडे लेक इथं हाताच्या बोटांवर मोजण्याइतके शेकर उरलेत. पण त्यांच्या खुर्चीची नक्कल जगभर होते.

रॉकफेलरपासून अहमदाबादपर्यंत

१९४० च्या दशकातच नॉल या मोठ्या फर्निचर कंपनीनं नाकाशिमांची डिझाइन्स बाजारात आणली. १९५२ मध्ये अमेरिकन आर्किटेक्टांच्या संस्थेनं त्यांच्या कारागिरीसाठी सुवर्णपदक दिलं. ज्या पेशाकडे त्यांनी पाठ फिरवली होती, त्याच पेशानं दिलेला हा मान.

मुलगी मीरा मोठी होत होती तेव्हा तिच्यासाठी त्यांनी तीन पायांची उंच खुर्ची केली. ती मीरा चेअर म्हणून आजही बनते. पुढे आली कोनॉइड चेअर. तिला चारऐवजी दोनच पाय, खाली आडव्या पट्ट्यांवर टेकलेले. बघणाऱ्याला वाटतं, बसलं की पुढे कलंडणार. पण ती कलंडत नाही. तोलाचा हिशोब करायला आर्किटेक्टचं शिक्षण कामी आलं होतं.

१९७३ मध्ये नेल्सन रॉकफेलर यांनी न्यूयॉर्कजवळच्या आपल्या जपानी पद्धतीच्या घरासाठी दोनशेहून जास्त वस्तूंची ऑर्डर दिली. ते घर डिझाइन केलं होतं जुंझो योशिमुरा यांनी, म्हणजे टोकियोत रेमंड यांच्या ऑफिसात नाकाशिमांच्या सोबत असलेल्या जुन्या सहकाऱ्यानं.

भारताशी नातंही तुटलं नाही. १९६४ मध्ये गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांच्या बोलावण्यावरून ते अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये, म्हणजे एनआयडीत आले. भारतीय कारागीर आणि भारतीय लाकूड डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी तिथं फर्निचर डिझाइन केलं. पुढची काही वर्षं एनआयडीच्या वर्कशॉपमध्ये ते बनत राहिलं.

१९८१ मध्ये त्यांचं द सोल ऑफ अ ट्री हे पुस्तक आलं. झाड तोडलं म्हणजे ते मेलं, असं ते मानत नव्हते. सुतारानं नीट हात लावला तर झाडाला दुसरा जन्म मिळतो, हा त्यांचा विश्वास. जंगलात मोठा झालेला मुलगा एका अर्थानं परत तिथंच आला होता.

प्रत्येक खंडात एक टेबल

१९८४ मध्ये त्यांना अक्रोडाचा एक प्रचंड ओंडका मिळाला. एवढा मोठा अक्रोड त्यांनी आयुष्यात बघितला नव्हता. अशा लाकडाचं कोणा श्रीमंताच्या घरी जाणारं टेबल करायचं का? नाकाशिमांनी वेगळंच ठरवलं. जगातल्या प्रत्येक खंडात शांततेसाठी एक वेदी उभारायची, तिच्याभोवती कोणत्याही धर्माच्या माणसानं यावं.

पहिली वेदी १९८६ च्या शेवटच्या दिवशी न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथेड्रलमध्ये बसवली. युद्धामुळे कैदेत गेलेल्या माणसानं, ज्या देशानं कैदेत टाकलं त्याच देशाला दिलेली ही भेट होती. बाकीच्या त्यांना बघायला मिळाल्या नाहीत. मीरा यांनी काम पुढे नेलं आणि १९९६ मध्ये एक वेदी भारतात आली. कुठं? पाँडिचेरीशेजारच्या ऑरोव्हिलमध्ये. पुढे एक मॉस्कोला गेली.

चौऱ्याऐंशीव्या वर्षी पुन्हा सुरुवात

१९८९ ची गोष्ट. प्रिन्स्टनमधल्या एका दाम्पत्याकडे नाकाशिमांच्या शंभराहून जास्त वस्तू होत्या. वर्षानुवर्षं एकेक करून जमवलेल्या. घराला आग लागली आणि सगळं जळून गेलं.

त्या दोघांनी पुन्हा घर बांधायचं ठरवलं आणि नाकाशिमांकडे आले. वय वर्षं ८४. जे जळालं ते तसंच्या तसं करता येणार नव्हतं, कारण ती झाडं परत मिळणार नव्हती. म्हाताऱ्यानं नवीन फळ्या काढल्या आणि कामाला लागला.

१५ जून १९९० ला न्यू होपमध्ये त्यांचं निधन झालं.

छावण्यांबद्दल अमेरिकेनं अखेर माफी मागितली होती. १९८८ मध्ये कायदा झाला, हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर द्यायचं ठरलं. पण पैसे वाटायला सुरुवात झाली ऑक्टोबर १९९० मध्ये. तोवर नाकाशिमा जाऊन चार महिने झाले होते.

आज त्यांची टेबलं लिलावात लाखो डॉलरला जातात. न्यू होपचं वर्कशॉप २०१४ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालं, आणि वडिलांच्या मागे ते चालवलं छावणीतल्या त्या तान्ह्या मुलीनं, मीरा यांनी. नाकाशिमांनी रचून ठेवलेल्या फळ्यांमधून त्यांच्यामागेही फर्निचर बनत राहिलं.

आणि हिकोगावा? त्यांच्या नावाची ना कंपनी ना लिलाव. पण लाकडाच्या चिरेवर बसवलेला तो डमरूसारखा तुकडा पुढच्या वेळी एखाद्या रीलमध्ये किंवा कॅफेत दिसला, तर आयडाहोच्या माळावर उरल्यासुरल्या लाकडावर पटाशी चालवणाऱ्या त्या सुताराचीही आठवण काढायला हरकत नाही.